अर्थ लागणे

माडग्याळच्या पुढं, पोटकालव्याच्या चारीत
पोकलेन बसलंय चार दिवस,
बूम अर्धा उचललेला,
कुणीतरी बोलता बोलता थांबावं तसा.

चालू होतं. हजारावर गेलं की दम सोडतं.
पडद्यावर तीन कोड:
ऑइल प्रेशर, बूस्ट, डिझेलची रेल.
सुपरवायझर खिलारे म्हणाला,
"सेन्सर दोनदा बदलला, वायरमन.
ह्या पोरानं इंजिनावर पाणी मारलंय.
साडेअकरा हजार. पगारातनं वळते करतोय."
पोरगं म्हणजे सिद्राम बिरादार, हेल्पर, उमदीकडचा.
अर्धं कानडी बोलतो, उरलेलं बोलत नाही.
निळ्या बादलीकडं बघत उभा.

मी मिरजेहून फटफटीवर आलेलो.
चुलते तंबोऱ्याच्या तारा जुळवतात,
म्हणतात, तुझ्या तारांत सूर नाही.
आहे की. पाच व्होल्ट.
ईसीएम एकदाच षड्ज लावतो
आणि त्यावरून सगळे सेन्सर आपापलं सांगतात:
एवढं तेल, एवढी हवा.
षड्जच खाली बसला
तर खरं बोलणाराही खोटा ठरतो.

मीटर लावला.
पाचाच्या जागी पॉइंट तीन.
एकेक कनेक्टर सोडवत गेलो,
पहिला, दुसरा, तिसरा,
ज्याचं नाव कोडात नव्हतं तोही.
पॉइंट तीन. पॉइंट तीन.
म्हणजे सेन्सर एकही गुन्हेगार नाही.
खिलारेनं बोरीखाली फेकलेले दोन जुने,
तेही नाहीत.

तार कुठंतरी अर्थ झालीय.
भाषेत अर्थ लागला की सुटतं,
आमच्याकडं अर्थ लागला की अडकतं.

बॅटरी सोडली, ईसीएमचा प्लग काढला,
मीटर बझरवर टाकला.
एक टोक तारेला, एक ब्लॉकला,
दोन्ही धरून सिद्राम.
मी हार्नेस वीत वीत हलवत चाललो.
वाजतोय. वाजतोय.
काठावरून मेंढ्या गेल्या, बाकदार नाकांच्या,
एकीनं थांबून आमच्याकडं बघितलं.
वाजतोय.
अल्टरनेटरच्या मागं हात घातला, दिसत काही नव्हतं,
नुसत्या बोटांनी तार उचलली
आणि सिद्राम म्हणाला, "बंद झालं."
सोडली. "वाजाय लागलं."
उचलली.
"बंद."

आरसा घातला, टॉर्च घातली.
ब्रॅकेटच्या कडेवर घासून घासून
ज्वारीच्या दाण्याएवढं तांबं उघडं.
क्लॅम्प नाही. बोल्टचं भोक रिकामं.
आणि भोकापासून चार बोटांवर
हिरवी टेप.

इकडं सगळे काळी वापरतात.
हिरवी मी वापरतो.
गेल्या दिवाळीच्या आधी, पट्टा बदलताना,
अंधार पडलेला, कवठ्याला दुसरं गिऱ्हाईक खोळंबलेलं,
बोल्ट हातातनं निसटला, सापडला नाही.
म्हटलं, टेप पुरे.
तेव्हापासून हे इंजिन
ते 'पुरे' घासत बसलंय.

टेप ओळखणारा इथं मी एकटाच.
आरसा बनियनला पुसला, परत घातला.
तीच.

"सापडलं का काय?" खिलारे वरनं.
सिद्राम टोकं धरून तसाच उभा,
सोड म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
"पाण्यानं झालेलं नाही," म्हटलं,
"खाली या, टेप दाखवतो. माझी आहे."

तांबं झाकलं, वर ट्यूबचा तुकडा,
नवा क्लॅम्प, बोल्ट दोनदा आवळला.
पाच व्होल्ट आले.
साडेअकरा हजाराचं अजून मिटलेलं नाही.
खिलारे म्हणतो, ऑफिसात कागद गेलाय.
म्हटलं, माझ्या मजुरीतनं धर.
निम्मं तरी धर.

इंजिन तापत होतं तोवर सिद्रामनं विचारलं,
"अर्थ म्हंजे काय ओ?"
"जमीन."
"एवढंच?"
"एवढंच."
त्यानं पायाखाली बघितलं,
मग निळी बादली पालथी घातली
आणि माझ्याकडं सरकवली, बसायला.