आजारी

सीलबंद पाकीट घेऊन बाहेरच्या बाई आल्या होत्या.
सहावीच्या मुलांना काय काय येतं
हे देशाला कळायला हवं, म्हणाल्या.
डिसेंबर होता, तरी विडी घरकुलातल्या आमच्या शाळेचे पत्रे
दहा वाजताच तापले होते.

मोठ्या गुरुजींनी आठवडाभर आधीच मला बोलावलं होतं.
वर्गाच्या यादीत पेन्सिलीचे चार ठिपके.
"बघा बाई, यांचं काय ते."
एवढंच.
तीस वर्षांच्या नोकरीत माणूस
न सांगता सांगायला शिकतो,
आणि मी अकरा वर्षांत
न विचारता समजायला.

दोघांना खरंच गालगुंड होतं.
एक मामाच्या लग्नाला इंडीला गेलेली.
उरला तिरुपती इराबत्ती.

घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, माझ्याशी मराठी,
आणि पेपरातलं मराठी म्हणजे चौथीच भाषा,
जी आमच्या घरकुलात कोणीच बोलत नाही.
'खालीलपैकी अचूक पर्याय निवडा.'
सरावाच्या कागदावर त्यानं चारही गोल भरले होते.
"एकच कशाला बाई? बाकीचे रिकामे बरे दिसत नव्हते."
मी हसले होते.
मग खोडरबर दिला. मग ओरडले.

पंचवीस बिड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार,
हजारात छाट किती गेली, आईची मजुरी किती कापली,
हे तो चपलेत पाय घालता घालता सांगतो.
मागाच्या खडखडाटात धागा तुटला
तर काकाच्या आधी यालाच कळतं.
त्याला गोल नसतो.
मीही कधी काढला नाही.

"उद्या येऊ नकोस. तुला सुट्टी."
"मला एकट्यालाच?"
"एकट्यालाच."
तोंड असं फुललं त्याचं
की स्पर्धेत पहिला आला असावा.

दुसऱ्या दिवशी साडेदहा वाजता
सगळी डोकी गोलांवर वाकलेली.
खिडकीपाशी सायकल थांबली,
कॅरिअरला कांड्यांचं पोतं.
तिरुपतीनं आधी मित्राला हात केला,
मग मला.
हजेरीपटात त्याच्या नावापुढे
माझ्याच अक्षरात 'आजारी' लिहिलेलं,
शाई अजून ओली.

"वाऱ्यानं कागद उडतील," असं म्हणून
मी खिडकी लावली.
वारा नव्हता.
बाहेरच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं
आणि रुमालानं गळा पुसला.

उन्हाळ्यात आलेखाचा कागद आला.
आमचा खांब शेजारच्या खांबापेक्षा बोटभर उंच.
गुरुजींनी पेढे वाटले.
मी दोन खाल्ले, खोटं कशाला बोलू.

पालकसभेला त्याची आई आली,
बोटांना तंबाखूचा वास, नखांत पानाचा हिरवा चुरा.
"मोठी परीक्षा झाली म्हणं. आमचं पास हाय का?"
"त्यात पास-नापास नसतं, लक्ष्मव्वा.
नावंही नसतात. नुसती टक्केवारी."
ती जरा वेळ खांबांकडे बघत राहिली.
"कारखान्यात छाट काढत्यात नव्हं,
ते आमच्या समोर काढत्यात.
भांडता तरी येतंय."
तिला काही माहीत नव्हतं.
बहुतेक नव्हतं.
सही करून ती उठली, अजून सहाशे बाकी होत्या म्हणे.

आता तो सातवीत आहे.
काल जिन्यात अडवलं मला,
दप्तर एका खांद्यावर, ओठावर पुसटशी लव.
"बाई, ती परीक्षा परत कधी असते?"
"का रे?"
"त्या दिवशी लई भारी वाटलं होतं.
तुम्ही मला एकट्याला सुट्टी दिली होती."

घंटा झाली. तो दोन-दोन पायऱ्या चढत गेला.
मी कठडा धरून उभी होते.
आजारी म्हणा हवं तर.