मालकाची सही

कागदोपत्री माझे वडील माझे मालक आहेत.
काउंटीच्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा
त्या टेप लावून न्हाणीघराच्या दाराची रुंदी मोजत होत्या
आणि आदेलिनो बेतेनकोर्त, वय एक्याऐंशी,
स्वतःच्याच बुटांना चुचकारत होते,
वासरांना चुचकारावं तसे.

माझा दिवस बाईंनी मिनिटांत उतरवून घेतला.
आंघोळ, बावीस. कपडे, नऊ.
भरवणं, दर खेपेला अठरा.
मी म्हटलं, सूपाला कधी कधी तास लागतो,
कारण मधेच पाव हातात धरून
ते तेर्सेइरा बेटावर जाऊन येतात.
त्या हसल्या. खरंच मायेनं हसल्या.
पण बेटासाठी रकाना नव्हता.

रात्री दोनला उठून ते गायींना हाका मारतात,
एकेकीला नावानं. सतरा वर्षांपूर्वी विकलेल्या गायी.
मी अंधारात दारामागून हंबरते,
तेव्हा कुठे झोपतात.
हे मी बाईंना सांगितलंच नाही.

भाऊ सॅक्रामेंटोहून फोनवर म्हणाला,
बरंय की, आता तर पैसेही मिळतात.
ते "आता तर"
मी भांड्यांबरोबर बराच वेळ घासत राहिले.

बदामाच्या कारखान्यात याहून जास्त मिळत होते.
पण पहिला चेक आला आणि मी
त्यांच्यासाठी काही आणलं नाही.
दीड वर्ष डाव्या बाजूनंच चावत होते,
तो दात बसवून घेतला.
खुर्चीत रडू फुटलं. डॉक्टरला वाटलं दुखतंय,
त्यानं आणखी एक इंजेक्शन दिलं.

इंग्रजी सगळी गळून गेली त्यांची.
उरलेत ते लहानपणचे शब्द :
पाव, बादली, चावी,
आणि पगार.
त्या शब्दाला ते अजूनही ताठ बसतात.
एके काळी तीनशे गायी, चौदा माणसं,
दर शुक्रवारी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर चेक मांडून
सह्या करायचे. कुणाचं अर्ध्या तासाचंही बुडवलं नाही.
(आईला मात्र घरखर्चाचे पैसे मागावे लागत.
तिच्या तासांचा कागद नव्हता.)

आता दर पंधरवड्याला मी त्यांच्या बोटांत पेन देते.
पहिलं अक्षर गोठ्याच्या फाटकाएवढं येतं,
मग नाव उतारावरून घरंगळत
रेघेखाली कुठेतरी पडतं.
मी हात धरत नाही. धरला तर ती माझी सही होईल.

ऑक्टोबरातली एक संध्याकाळ. मी मोजे चढवत होते.
ते म्हणाले, "बाई, काम चांगलं करतेस तू."
बाई. माझ्या नावाच्या जागी.
खिशातून अर्धं बिस्किट काढून
माझ्या तळहातावर ठेवलं.
"हे वरचं. हिशेबात धरू नकोस.
आता घरी जा, तुझा बाप वाट बघत असेल."

मी फोनवर काम संपल्याचं बटण दाबलं.
कोट घातला. पुढच्या दारानं बाहेर पडले,
रिकाम्या गोठ्याला, गंजल्या दुधाच्या टाकीला
वळसा घालून
स्वयंपाकघराच्या दारानं आत आले.
"पापा, मी आले."

त्यांनी मान वर केली. "उशीर झाला, लुसिंडा."
"काम होतं."
"मालक बरा आहे ना? पैसे देतो वेळेवर?"
"देतो. सही करायला तेवढा वेळ लावतो."
"म्हातारा असेल," ते म्हणाले,
आणि शेजारच्या खुर्चीवरून मांजर हुसकून
मला बसायला जागा करून दिली.