फूट आणि इंच

राजाराम बंधाऱ्याच्या पट्टीवर
एकोणचाळिसातला नऊ गाळानं पुसतो.
पाणी उतरलं की ब्रश घेऊन
मी त्याचं शेपूट पुन्हा काढतो.
हे सरकारी काम.
बिनसरकारी काम रात्री, फोनवर.

वर, गगनबावड्याच्या अंगाला, बयाजी झोरे.
रेंज फक्त करवंदीच्या जाळीपाशी,
तिथं घोंगड्याची खोळ घेऊन उभा राहतो, ओरडतो,
"तीनशे दहा! डबडं दोनदा ओतलं.
कुंभी तांबडी झालीया, बगा तुमचं तुमी."

खाली, कृष्णा जिथं राज्य बदलते
पण नाव बदलत नाही,
तिथल्या बराजवर शिवरुद्र कमते.
त्याचा नंबर मला कुठल्या कार्यालयानं दिला नाही,
शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्यानं दिला,
पावतीच्या मागं, पेन्सिलीनं.

त्या वर्षी आमचं पत्र
कोल्हापुरातून मुंबईला गेलं, मुंबईहून बेंगळुरूला,
तिथं त्याला आवक क्रमांक मिळाला.
पाणी मात्र सरळ गेलं
आणि पुढं जागा नाही म्हणून
आल्या वाटेनं फुगत मागं आलं.
नावेतून जाताना मी रस्त्यावरची पाटी वाचली,
वळणाचा बाण होता,
बाणाखाली मासे.

आमच्या भाषेत फूट चढतो
आणि फूट पडते.
शिवरुद्रला हे सांगितलं तेव्हा तो खूप हसला,
मग म्हणाला, "नम्मल्लिही हंगे री," आमच्यातही तसंच,
आणि ते काही विनोदानं म्हणाला नाही.

एप्रिलात फोन उलटा येतो.
"सायेब, दोन बरगे काढा की.
पात्रात पोरं क्रिकेट खेळाय लागलीत."
मी काय काढणार? मी आकडे वाचणारा माणूस.
तरी यंदा प्रयाग चिखलीला पारावर बैठक लागली.
उसाला पाळी चुकते, म्हणाले.
आधी शहराचे पाइप बघा, म्हणाले.
खालच्यांनी पावसाळ्यात दारं उघडली होती का, म्हणाले.
नद्या जिथं एकत्र येतात
तिथं आम्ही दोन तास वेगळे झालो.

बयाजी मागं चपलांपाशी बसला होता.
उठला.
"पानी तुमचं म्हंता.
मी मोजून पाठवतो वरनं, एकानं तरी पोच दिलीया?
आमचा झरा मार्चात मातीवर येतो.
माझी सून वाटीनं हंडा भरती."

पार गप्प.
कुणीतरी उगीच तंबाखू मळली.

मग ठरलं ते असं,
बरगे दोन, दिवस चार.
आणि वर, झऱ्याच्या माथ्याला चर खणायचे,
गावागणिक दहा माणसं.
दोन गावं आलीच नाहीत.
आलेल्यांतले तिघं फोटो काढून परतले.
शिवरुद्रनं त्याचा भाचा पाठवला,
त्याला मराठी येत नव्हतं, कुदळ येत होती.
बयाजीच्या सुनेनं सगळ्यांना ताक दिलं,
तांब्या अर्धाच भरून.

आता ऑगस्ट. रात्रीचे अडीच.
नवं यंत्र बसलंय, आकडा आपोआप जातो वर,
तरी मी बॅटरी घेऊन काठावर.
जाळीपाशी ओरडून बयाजी झोपायला गेला,
"उघडीप हाय, पर इस्वास ठेवू नका."
शिवरुद्र लाइनवर.
"अडतीस फूट अकरा इंच," मी म्हणतो.
"मूवत्तेंटु. हन्नोंदु," तो लिहून घेतो.
त्याच्यामागं दार उचलल्याची घरघर,
माझ्यामागं बेडूक.

त्याचं तोंड मी अजून पाहिलेलं नाही.
खोकला ओळखतो.

पाणी नवाच्या शेपटीशी येऊन थांबलंय,
चढेल किंवा नाही.
दोघंही फोन ठेवत नाही.
"जेवलात का?" तो विचारतो.
मी पट्टीवरची नजर न काढता सांगतो,
काय जेवलो ते.