पुसता येते का

बाजाराचा दिवस. काउंटरवर भेंड्यांची थैली ठेवून
आचलनं फोन पुढं सरकवला.
काच शाबूत, चार्जिंगही होत होतं.
"काका, एखादा माणूस
फोनातून पुरा पुसता येते का?"

अकोट रस्त्यावर बारा वर्षं दुकान आहे माझं.
विहिरीत पडलेले, म्हशीनं तुडवलेले,
सारे उघडले;
असा बिघाड कोणी आणला नव्हता.

नाव 'तनूदीदी'. डीपीवर मेंदीचा हात.
आधी रिचार्ज टाकला, मग सुरतेचं काम,
मग एक फोटो मागितला,
मग त्याच फोटोचं भेव.
आता: शुक्रवार, साडेपाचची गाडी, एकटी ये.

पुढं वाचलं नाही. स्क्रीन पालथी ठेवली.
"पुसू नोको बाई. हे त्याच्या पायाचे ठसे आहेत."
"बाबा मारतीन."
"मी येतो ना संगं."

ती भेंड्यांची टोकं मोडत बसली,
जून की कोवळी पाहतात तशी.
एकही जून निघाली नाही.

अर्धं शटर ओढलं. बायकोला हाक मारली.
तिनं एवढंच विचारलं, "जेवली का?"
मग दहा नऊ आठ लावला.

शुक्रवारी स्टँडवर
साध्या लुगड्यातल्या दोन पोलीस बाया
शेंगदाणे खात बसल्या होत्या.
दीदीला मिशा होत्या.

फोन अजून ठाण्यात आहे.
पावतीवर 'बिघाड'च्या रकान्यात मी लिहिलं होतं:
फोनात नाही.

काल एक पोट्टा
बराच वेळ कव्हरं पाहत उभा राहिला.
घेतलं काहीच नाही.
मी स्टूल सरकवलं.