पागेचा मानकरी

पोरगी लॉ कॉलेजला. रात्री जेवताना
ताटाशेजारी वही उघडी ठेवून म्हणाली,
बाबा, कॉन्स्टेबल म्हणजे मुळात पागेचा अधिकारी.
लॅटिनमधून आलाय शब्द. तबेल्याचा मानकरी.
मी भाकरी मोडता मोडता थांबलो.
माझा आजा संस्थानच्या पागेत मोतद्दार,
खरारा करून करून हाताच्या रेषा पुसल्या होत्या म्हणे त्याच्या.
म्हणजे घरातला खरा कॉन्स्टेबल तो.
मी नुसता बक्कल नंबर अकराशे चौऱ्याहत्तर,
लक्ष्मीपुरी ठाणे, समन्स-वॉरंट.

ती पुढं वाचत गेली.
इंग्लंडात शिपाई कुणाचा नोकर नसतो म्हणे.
शपथ घेतली की अधिकार थेट त्याच्यात उतरतो,
अंगात यावं तसा.
धरायचं की सोडायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं,
वरून कुणी 'उचल त्याला' म्हटलं
तरी कोर्टात जाब त्याचाच.
मी म्हटलं, जाब तर आम्हीच देतो की गं.
ती हसली नाही.

आणि अमेरिकेत काही ठिकाणी तो निवडून येतो,
नगरसेवकासारखा, दारोदार हात जोडून.
बायको आतून म्हणाली, चिन्ह काय घेशीला? शिट्टी?
आणि काम काय असतं त्याचं, मी विचारलं.
कोर्टाचे कागद पोचवायचे. भाडेकरूंची घरं खाली करायची.
मग मी पाणी प्यालो.
टेक्सास काय, उत्तरेश्वर पेठ काय,
दुसऱ्याच्या दारात कागद घेऊन उभं राहायला
कुणीतरी लागतोच.

सकाळी पिशवीत नऊ समन्स.
आठ दुपारपर्यंत उरकले, एका ठिकाणी कुत्रं अंगावर आलं.
नववा रंगराव हळदकर. चेक वटला नाही.
ह्या माणसानं मला तांबड्या मातीत
ढाक मारायला शिकवली होती.

आजा म्हणायचा, घोड्याकडं समोरून जाऊ नये,
मागून तर नाहीच. बाजूनं जावं, आवाज देत.
मी बोळाच्या तोंडापासनं आवाज देत गेलो.

वस्ताद खाटेवर. मोडके कान, गुडघ्याला तेलाचा वास.
कोण, सर्ज्या? ये की, बस.
बसलो नाही. ड्रेसवर बसवेना.
कागद पुढं केला. चष्मा सापडेना त्यांना,
तूच वाच म्हणाले.
वाचला. कोर्ट नंबर, कलम, रक्कम,
दोन लाख दहा हजार,
आणि मधेच माझा आवाज बसला.
श्वास सोडू नको, वस्ताद म्हणाले,
पकडीत असताना श्वास सोडायचा नसतो.

'पत्त्यावर मिळून आला नाही.'
एवढा शेरा मारायचा, अर्धी ओळ, निळं पेन.
कधी मारला नाही असं नाही.
अधिकार अंगात उतरतो म्हणे.
मी थोडा वेळ वाट बघितली.
घाम उतरला, टोपीच्या पट्ट्यातून मानेवर.

सही कुठं करू?
मी अंगठ्यानं जागा दाखवली.
त्यांनी नाव लिहिलं पूर्ण, वडलांच्या नावासकट,
ओळीच्या बाहेर जात.

तारखेला या, वस्ताद. नाही आलात तर वॉरंट निघंल,
आणि ते घेऊन परत मलाच यायला लागंल.
मग तूच ये, ते म्हणाले. दुसरं कोण नको.

बोळातून बाहेर पडलो. गाडी तीन किकला सुरू झाली.
मघाचं वाक्य डोक्यात मतपेटीत चिठ्ठी पडावी तसं पडलेलं,
एकच चिठ्ठी, हलवली तर वाजणारी.
पोरीला अजून सांगितलं नाही.

तारीख एकवीस, सकाळी साडेदहा.
त्या दिवशी रजा टाकून त्यांना कोर्टात न्यावं म्हणतोय,
साध्या कपड्यात, गाडीवर मागं बसवून.
साहेब रजा देतील का, बघू.