एकशे सतरा

फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली,
"एकशे सतरा धरलेत, मॅडम. तीन धरलेले नाहीत."
भरलेत की, मी म्हटलं.
"भरलेत," ती म्हणाली, "पण धरलेले नाहीत."
आणि पुन्हा ती पियानोची धून,
जी मला आता झोपेतही गुणगुणता येते.

नियम तेव्हा सोपा वाटला होता:
सरकारी शाळेत टिकून राहा,
दर पाच तारखेला भर,
एकशे वीस झाले की उरलेलं माफ.
एकेचाळीस हजार घेतले होते.
दहा वर्षं भरत आले,
आज चव्वेचाळीस देणं आहे.
बरं झालं, मी गणित शिकवत नाही.
मी मुलांना बोलायला शिकवते,
जीभ टाळूला कुठे टेकवायची,
श्वास कुठे सोडायचा,
अडखळलं तर घाबरायचं का नाही.

माझं कर्ज तीनदा कंपनी बदलून आलं.
मी गाव एकदाही बदललं नाही.
दर वेळी नवं पत्र: आपले स्वागत आहे!
जणू मी पाहुणी,
आणि ताट वाढायच्या आधीच बिल माझ्यापुढे.

ते तीन महिने बेअरहेडच्या शाळेतले.
मार्च, एप्रिल, मे,
मग शाळेला कुलूप लागलं.
घसरगुंडी अजून आहे, कमरेपर्यंत बर्फात.
पण शाळा बंद पडली तरी तिचं दप्तर मरत नाही,
ते कुणाच्या तरी गळ्यात पडतं.
ते वायनो हाकालाच्या गळ्यात होतं.
जिल्ह्याचा कारकून,
आठवड्यातले दोन दिवस कचेरीत,
बाकीचे पाच तळ्यावर.

म्हणून शनिवारी मी गाडी सरळ तळ्यात घातली.
उत्तर मिनेसोटात जानेवारीत तळं म्हणजे रस्ताच.
खाली बर्फ कण्हत होता,
वर उणे एकोणीस,
आणि मांडीवर एक फॉर्म, चार पानी.

वायनोची लाकडी खोपी, मधे एक भोक,
भोकात काळं पाणी, पाण्यात दोरी.
त्याने ओठांवर बोट ठेवलं. मी गप्प बसले.
माझ्या धंद्यात गप्प बसणंही येतं.

शेवटी त्याने फॉर्म घेतला.
पेन चालेना, शाई गोठलेली.
त्याने ते काखेत धरलं, थर्मामीटरसारखं,
आणि आम्ही दोघं
पेनाला ताप यायची वाट बघत बसलो.

"माफी?" वायनोने वाचून विचारलं.
"अशी काय चूक केलीस तू?"

काय सांगणार?
एकविसाव्या वर्षी एक सही केली होती,
ती वाचायला मात्र पस्तिशी उजाडली.
बाकी, कोल्टन निएमी दोन वर्षं एक अक्षर बोलला नाही,
आणि एका सकाळी कॉरिडॉरमध्ये, माझ्या पायांकडे बघत
म्हणाला, "बूट."
मी तिथेच फरशीवर बसून रडले.
फॉर्मवर याला रकाना नाही.

माझ्या बहिणीला तर फॉर्मच नाही.
जोआनाने माझ्याच वर्षी कर्ज काढलं,
तेरा वर्षं ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालते.
पण तिचा मालक नफा कमावतो,
त्यामुळे तिचा एकही महिना धरत नाहीत.
तेच साबणाचं पाणी, त्याच भेगाळलेल्या टाचा.
तिच्यासमोर मी एकशे सतरा हा आकडा
उच्चारायचा टाळते.

वायनोने सही केली. वळणदार,
जुन्या शाळेत मारून मुटकून शिकवलेली.
त्याच्या अंगठ्याचं एक खवलं कागदाला चिकटलं.
मी ते पुसलं नाही.
स्कॅन केल्यावर सहीशेजारी काळा ठिपका आला.
हरकत घेतील का? घेतीलही.

आज पुन्हा पाच तारीख.
"प्रक्रिया सुरू आहे," ती म्हणते,
"तोवर भरत राहा."
एकशे एकविसावा.

वायनोने निघताना वर्तमानपत्रात गुंडाळून
दोन मासे दिले होते.
एक मी जोआनाकडे दिला.
काटे फार आहेत, म्हटलं,
सावकाश खा.