गरी

सर्जेकोटच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्याला टेकून
माझी रिचार्जची टपरी होती तेव्हा.
रेंजचे दोन दांडे. तिसरा फक्त ओहोटीला येतो
असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो.
खोटं असेल. पण लोक थांबायचे, चहा प्यायचे.

भामाकाकी कोयंडे टोपली उतरवून म्हणाली,
"ह्येच्यात नेट घाल."
कंदिलात घासलेट घाल म्हणावं, तसं.

फोन तिच्या गुरुनाथने मागे ठेवलेला.
प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला, तरी खवलं आत शिरलेली,
चारचा आकडा पार पुसलेला.
पोर जहाजावर ऑईलर. कुठल्याशा बंदरातून
फोटो पाठवलाय त्याने.
मेसेजात फोटो नाही, नुसती निळी ओळ, खाली रेघ मारलेली.
फोटो तिच्या मागे आहे, मी म्हटलं.
"म्हंजे दाराआड?"
तसंच.
"मगे दार उघड."

कस्टमर केअरला सातव्यांदा मुलगी मिळाली.
जी सर, जी सर, इतकं गोड
की काकीने पदर सावरला.
तिने मॉडेल विचारलं. मी बॅटरी काढून आत वाचायला गेलो.
फोन मेला, मुलगी गेली.
हे मी दोनदा केलं. टपरीवाला असून.

सेटिंग आपोआप येणार होतं, आलं नाही.
हाताने भरलं, एकेक अक्षर तीन-तीनदा दाबून.
नाव काहीही द्या, मुलगी म्हणाली. मी भामा दिलं.
अ‍ॅक्सेस पॉइंट. प्रॉक्सी. टिंबांनी तोडलेले आकडे,
त्यातला चार अंदाजाने.
पोर्ट.
"पोर्ट म्हंजे बंदर मां?" एवढं तिला पोराने शिकवलेलं.
"मगे आमचा घाल. सर्जेकोट."
आकडाच लागतो, काकी.
ती जरा गप्प झाली.
"बंदराक नुसतो लंबर?"

फोन बंद. फोन चालू.
मागे कारखान्यात लादी घसरली, फुटली,
कोणीतरी कोणाच्या तरी आयशीचा उद्धार केला.
आणि पडद्याच्या कोपऱ्यात, दांड्यांच्या शेजारी,
एक जी उगवला.
काकीने फोन लांब धरला, जवळ धरला.
"गरी," म्हणाली.

खरंच गरी होती. वाकलेली, टोकाशी आत वळलेली.
आमिष तेवढं लावायचं. म्हणजे बॅलन्स.
तीन रुपये चाळीस पैसे.

निळी ओळ दाबली.
गरवायला बसलेली माणसं बोलत नाहीत.
आम्हीही नाही बोललो.

फोटो वरून खाली उतरू लागला.
नखाएवढी पट्टी, आभाळ.
आणखी पट्टी, आभाळच,
पिवळट, आपलं नव्हे असं.
मी मनात पैसे मोजत होतो. एवढं आभाळ
कशाला घ्यायचं फोटोत?
मग एक तार. मग हेल्मेटचा घुमट.
मग कपाळ, एक भुवई.
तिथे थांबलं.

बॅलन्स संपल्याचं इंग्रजीत आलं.
दहाचं कूपन मारतो काकी, मागाहून दे.
"रव," ती म्हणाली.
अंगठ्याने काच पुसली. अंगठ्याचं एक खवलं
तिथेच चिकटलं, आभाळाच्या मधोमध.
"भुवयेच्या वर खोक दिसता मां? नांगराची ती.
दुसरीत आसताना पडलो हुतो.
तोच आसा."

जसं काही मी दुसऱ्याच कोणाचा पोर
काढून दाखवला असता.

"बाकीचो फाल्याक," म्हणाली,
फोन पिशवीत बांधला, पिशवी कमरेला खोचली,
टोपली डोक्यावर.
कूपनचे पैसे नाकारले की वाचवले, कळलं नाही.

ती चढण चढून गेल्यावर आठवलं,
लाइन तोडायची कशी ते सांगायचंच राहिलं.
कमरेशी, काळोखात,
गरी तशीच पाण्यात.